नाही दिसलं, सर

28 फेब्रुवारी 2025. राष्ट्रीय विज्ञान दिन आणि त्यात जुम्याचा दिवस. शाळा साडेअकराला सुटणार होती, म्हणून सूर्य बघण्याचा कार्यक्रम सकाळी साडेआठलाच ठेवला होता.

मी मराठी आणि उर्दूचा शिक्षक. बी.एड.लाही माझे हेच दोन विषय. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या आणि मला आभाळाकडे बघायची सवय आहे हे मुख्याध्यापकांना ठाऊक, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. रत्नागिरीच्या एका मित्राकडे सूर्य बघायची खास दुर्बीण आहे. 40 मिलिमीटरची, दिसायला अगदी लहान, हातात मावेल एवढी. पण साध्या दुर्बिणीने किंवा ग्रहणाच्या चष्म्याने न दिसणाऱ्या गोष्टी तिच्यातून दिसतात. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा दिसतात, बिंबावर काळे धागे दिसतात. आदल्या रात्री त्याने ती आणून दिली, अर्धा तास समजावून सांगितलं आणि जाताना बजावलं, ‘‘ही कडी तेवढी सांभाळ. सगळा खेळ तिचा आहे.’’

मी मान डोलावली. ‘कडी सांभाळ’ म्हणजे कडीला हात लावू नकोस, असं मी समजलो. इथेच माझं चुकलं.

सकाळी मैदानात टेबल मांडलं. मागच्या भिंतीवर सूर्याचा मोठा रंगीत तक्ता लावला. त्यात कडेवर लवलवणारी एक भलीमोठी ज्वाळा होती. मी एकदा डोळा लावला, लाल गोळा मध्यभागी आणला आणि मुलांना म्हणालो, ‘‘चला, एकेकाने या. कडेला नीट बघा, ज्वाळा दिसतील.’’

रांग सुरू झाली. ‘‘दिसली सर!’’ ‘‘मस्त दिसली सर!’’ ‘‘तक्त्यासारखीच आहे!’’ मी खूश. तीसेक मुलं झाली असतील. मग सातवीतली एक मुलगी आली. तिने बराच वेळ डोळा लावून ठेवला. मागची मुलं ढकलू लागली.

‘‘दिसली ना?’’

‘‘नाय सर. लाल टिकली दिसते नुसती.’’

‘‘नीट बघ. कडेला बघ.’’

तिने पुन्हा बघितलं. ‘‘कडेला पण काय नाय सर.’’

मुलं हसली. मी म्हणालो, ‘‘डोळा नीट लावायला शीक आधी. चल, पुढचा.’’ ती मान खाली घालून बाजूला झाली. पुढच्या मुलाने डोळा लावला आणि लगेच म्हणाला, ‘‘दिसली सर!’’

रांग संपली. मुलं वर्गात जाऊ लागली, तेव्हा मी पहिल्यांदा सावकाश बघायला बसलो. डोक्यावरून काळं कापड घेतलं आणि डोळा लावला. लाल, सपाट, गुळगुळीत गोळा. कडेला काहीही नाही. लाल टिकली नुसती.

आता थोडं या यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्या कडीचं महत्त्व कळणार नाही.

आपल्याला रोज दिसतो तो सूर्याचा झगझगीत पृष्ठभाग. त्याच्यावर हायड्रोजनचा एक विरळ थर असतो. ज्वाळा, धागे, सगळी गंमत त्या थरात. पण खालचा उजेड इतका प्रखर असतो की हा थर त्यात बुडून जातो. भर दुपारी पेटवलेल्या काडीसारखी त्याची गत होते. मात्र हायड्रोजनचा स्वतःचा असा एक लाल रंग आहे. त्याची तरंगलांबी 656.28 नॅनोमीटर. नेमक्या त्या रंगात खालचा उजेड हायड्रोजन स्वतःच अडवतो आणि वरचा थर दिसू लागतो. म्हणून बाकी सगळा प्रकाश अडवून फक्त हा एक रंग डोळ्यापर्यंत आणायचा. त्याच्या अगदी शेजारचा लालही चालत नाही. खिडकी किती अरुंद हवी? नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढी, किंवा त्याहूनही कमी. साधी लाल काच याच्या शेकडो पट रुंद पट्टा आत सोडते. (लाल काचेतून सूर्याकडे कोणी बघू नये. डोळे जातील.)

एवढी अरुंद खिडकी करायची युक्ती फ्रान्समधल्या शार्ल फाब्री आणि आल्फ्रेड पेरो या दोघांनी 1899 च्या सुमारास दिली. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात, त्यांत आपली एकामागे एक डोकी दिसतात. तसेच दोन अर्धपारदर्शक आरसे अगदी समांतर ठेवायचे. मधली फट एक-दोन कागदांच्या जाडीएवढी. आत शिरलेला प्रकाश त्या फटीत पुन्हा पुन्हा मागे-पुढे आदळतो. ज्या तरंगांचं माप फटीत बरोबर बसतं ते एकमेकांना बळ देत पलीकडे जातात. ज्यांचं बसत नाही ते एकमेकांना मारून टाकतात. अशी मापं एकाहून जास्त असतात, म्हणून नको असलेली अडवायला आणखी एक गाळणी पुढे लावलेली असते. फट किंचित बदलली की कुठला रंग पार जाणार तेही बदलतं. आमच्या दुर्बिणीची कडी ही फट बदलते. काही दुर्बिणींत हेच काम आरसे तिरके करून करतात, काहींत फटीतल्या हवेचा दाब वाढवून, काहींत ऊब देऊन. हवेचा दाब म्हटल्यावर मला हसू आलं होतं. पण मित्राने हिशेब करून दाखवला. फटीतली सगळी हवा काढली तर खिडकी जवळजवळ 0.19 नॅनोमीटरने सरकते, म्हणजे तिच्या स्वतःच्या रुंदीपेक्षाही जास्त. काही यंत्रं समुद्रकाठी जुळवून महाबळेश्वरला नेली तर तिथल्या विरळ हवेने रंग थोडा हलतो आणि पुन्हा जुळवावं लागतं.

म्हणजे ही कडी एकदा लावून ठेवायची वस्तू नाही. प्रवासात ती फिरते. एखाद्या मुलाचा हात लागतो. दर खेपेला, बघणाऱ्याने, स्वतः बघत बघत ती जुळवायची असते. ‘सांभाळ’चा अर्थ असा होता.

मी कडी धरली आणि अगदी हळू फिरवू लागलो. आधी काहीच नाही. मग त्या गुळगुळीत लाल गोळ्यावर संत्र्याच्या सालीसारखी खरखर उमटली. आणखी थोडं फिरवल्यावर मध्यावर एक काळा धागा आला, मग दुसरा. कडेकडे नजर नेली, तर डावीकडे एक झुडूप उभं होतं. लालभडक, स्तब्ध. पृथ्वी तिच्या कमानीखालून सहज गेली असती. मी कडी पुढे फिरवली तसं ते फिकट झालं, मागे आणली तसं पुन्हा उजळलं.

लहानपणी अब्बा कुवेतहून ट्रान्झिस्टर घेऊन आले होते. रात्री आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस लावायचे. सुई आधी स्टेशनच्या पुढे न्यायची, खरखर सुरू झाली की परत आणायची, पुन्हा थोडी मागे न्यायची. दोन्ही बाजूंची खरखर ऐकल्याशिवाय मधला स्वच्छ आवाज कुठे आहे ते कळत नाही, असं ते म्हणत. या कडीचंही तसंच आहे. सगळ्यात चांगलं दिसतंय असं वाटलं तरी तिथे थांबायचं नाही. ओलांडून पुढे जायचं, बिघडताना बघायचं आणि मग परत यायचं. ज्वाळांवर भरवसा ठेवून जुळवायचं नाही, कारण कडी थोडी चुकलेली असली तरी त्या दिसत राहतात. बिंबावरच्या बारीक धाग्यांवर जुळवायचं. ते लगेच रुसतात.

मी धावत जाऊन मुलांना परत बोलावलं. अर्धा तास होता. या वेळी मी ज्वाळेचा शब्दही काढला नाही. नुसतं ‘‘बघा’’ म्हणालो.

पहिला मुलगा वाकला आणि गप्प झाला. मघाशी ‘मस्त दिसली’ म्हणणाराच तो. बराच वेळ त्याने डोळा काढला नाही. मग वर बघून म्हणाला, ‘‘सर, मघाशी हे नव्हतं.’’

‘‘मग मघाशी दिसली असं का म्हणालास?’’

त्याने साधं, खरं उत्तर दिलं. ‘‘तुम्हीच म्हणालात ना सर, दिसेल म्हणून.’’

मला काही बोलता येईना. मी त्या मुलीला रांगेत शोधलं. ती नव्हती. डोकं दुखतंय म्हणून मॅडमना सांगून लवकर घरी गेली होती.

जुम्याच्या नमाजला मी बसलो होतो, पण मन जाग्यावर नव्हतं. मला माझं स्वतःचं दहावं वर्ष आठवत होतं.

रमजानच्या चांदचा दिवस. आम्ही सगळी पोरं बंदरावर जमलेलो. पश्चिमेला समुद्र, वर ढगांची रेघ. एका मोठ्या मुलाने बोट दाखवून ओरडलं, ‘‘तो बघा!’’ पाठोपाठ दुसरा, तिसरा. मला काही दिसत नव्हतं. पण मीही ओरडलो, ‘‘दिसला, दिसला!’’ आणि सगळ्यांत आधी पळत मशिदीत गेलो. मौलवीसाहेब वजू करत होते. त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, ‘‘तू स्वतः पाहिलास?’’

‘‘हो.’’

‘‘टोकं कुठल्या बाजूला होती?’’

मी अंदाजाने म्हणालो, ‘‘खाली.’’

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, ‘‘बेटा, सूर्य मावळून खाली गेलेला असतो. चांदचा उजळ भाग त्याच्याकडे असतो. मग टोकं खाली कशी असतील?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘नजर नाही आला, असं सांगणं हीसुद्धा शहादत आहे. त्यात लाज नाही.’’

एवढ्या वर्षांत मी हा किस्सा कित्येकदा सांगितला असेल. बहुतेक वेळा हसू यावं म्हणून. आपल्याकडे साक्ष कोणाची, किती जणांची, कशी घ्यायची यावर दर वर्षी वाद होतात, त्या संदर्भातही सांगितला. पण त्या शुक्रवारी कळलं की गोष्टीतला मुलगा मी एकदाच होतो. नंतर शिक्षक झालो आणि समोरच्या मुलांना तसं व्हायला लावत राहिलो. मौलवीसाहेबांनी विचारलं होतं ‘टोकं कुठे होती?’ मी काय विचारलं? ‘दिसली ना?’ त्या प्रश्नातच उत्तर भरलेलं होतं. वर भिंतीवर तक्ता. चुकीच्या साक्षीची पूर्ण तयारी मीच करून ठेवली होती. आणि जिने खरी साक्ष दिली, तिला डोळा नीट लावायला शीक म्हणालो.

आता आणखी एक कबुली. दर वर्षी आठवीच्या मुलांना मी विजयदुर्गाची गोष्ट सांगतो. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे आहेत. 1868 च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथून सूर्य बघितला आणि हेलियमचा शोध लावला, म्हणजे हेलियमचं जन्मगाव आपलं कोकण. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मलाही आवडायची. पंधरा वर्षं सांगत होतो. त्या शनिवार-रविवारी पहिल्यांदा बसून तपासली.

18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. पण त्या दिवशी ज्वाळांच्या प्रकाशातल्या रेषा बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होता. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण संपल्यावरही त्या दिसायला हव्यात असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दिसल्याही. लॉकियर त्या वर्षी भारतात नव्हताच. 20 ऑक्टोबर 1868 ला त्याने इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, ज्वाळांच्या रेषा पकडल्या. त्यांच्यात एक पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. लॉकियर विजयदुर्गला आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, 30 वर्षांनी.

म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरं. जोडणी तेवढी चुकलेली. दोन खऱ्या गोष्टींतली फट कुणीतरी थोडी सरकवली आणि आम्ही सगळे ‘दिसलं, दिसलं’ म्हणत आलो.

खरी गोष्ट काही कमी सुंदर नाही. जान्सेन आणि लॉकियर, दोघांनाही एकच गोष्ट सुचली होती. सूर्याच्या ज्वाळा बघायला चंद्राने सूर्य झाकायची वाट बघावी लागत नाही. प्रकाश रंगांमध्ये पसरवला की झगझगाट पातळ होतो, आणि ज्वाळेचा एकच रंग मात्र आपल्या जागी घट्ट राहतो. बाकी सोडून तेवढ्यावर नजर ठेवायची. आमच्या टेबलावरची लहानशी दुर्बीण हेच करत होती. विजयदुर्गच्या ओट्यांवरून आता मी हीच गोष्ट सांगतो.

आणि भिंतीवरच्या तक्त्याशेजारी आम्ही दर विज्ञान दिनाला इब्न अल-हैसमचं चित्रही लावतो. बसऱ्याचा हा माणूस, कैरोत बसून हजार वर्षांपूर्वी प्रकाश आणि नजरेवर ‘किताब अल-मनाझिर’ लिहिणारा. आम्ही त्याचा अभिमान सांगतो, तो आपला होता म्हणून. पण त्याने टॉलेमीसारख्या थोर माणसाच्या चुका दाखवणारा एक ग्रंथ लिहिला, ज्याच्या नावातच ‘शुकूक’ आहे, शंका. त्या चित्राखाली उभा राहून मी एका मुलीची शंका हसण्यावारी नेली होती.

शुक्रवारी संध्याकाळी शाबानची 29 वी होती. आम्ही बंदरावर गेलो. अमावास्या त्याच पहाटे संपलेली, चांद जेमतेम बारा तासांचा, दिसायची शक्यता जवळजवळ नव्हती. तरी लोक जमले होते. पश्चिमेकडे बघत उभं राहण्यातही एक इबादत असते. ती मुलगी तिच्या वडिलांबरोबर आली होती. मला बघून ती वडिलांच्या मागे सरकली.

वडीलच बोलले. ‘‘सर, हिचे डोळे कुठे दाखवावेत? रत्नागिरीला न्यावं म्हणतो. सकाळपासून रडतेय. सगळ्यांना दिसतं आणि हिलाच दिसत नाही म्हणे.’’

मी खरंच शब्द शोधत राहिलो. मग तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि म्हणालो, ‘‘बेटा, तुझे डोळे ठीक आहेत. दुर्बीण बिघडलेली होती. म्हणजे बिघडलेली नव्हती, मी ती लावली नव्हती. दिसत नव्हतं कोणालाच. तू एकटीच खरं बोललीस. मी चुकलो.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने एकच विचारलं, ‘‘मग बाकीच्यांना कसं दिसलं?’’

त्या संध्याकाळी चांद दिसला नाही. मशिदीतून तसं जाहीर झालं. कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही. शनिवारी शाबानचे 30 दिवस पुरे झाले, रविवार 2 मार्चला पहिला रोजा.

शनिवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर हे सांगितलं. मग पुन्हा दुर्बीण लावली. पहिली पाळी तिची. कडी कशी फिरवायची ते दाखवलं आणि मी बाजूला उभा राहिलो. पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे. एका जागी तिचा हात थांबला. ‘‘आता आहे,’’ ती म्हणाली. मी बघितलं. माझ्या डोळ्याला ती जागा थोडी पुढे वाटत होती. आधी ‘अजून थोडी फिरव’ म्हणणार होतो. मग तिने विचारलं, ‘‘सर, हा धागा थोडं फिरवल्यावर जास्त काळा होतो. तो हलतोय का?’’

तिची शंका रास्त होती. वायू आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर वेगाने सरकत असेल तर त्याचा रंग किंचित बदलतो. सेकंदाला 45 किलोमीटर वेग असेल तर जवळजवळ 0.1 नॅनोमीटर, आमच्या खिडकीएवढा. म्हणून सरकणारा धागा मधल्या जागेपेक्षा थोडं बाजूला जास्त ठळक होतो. शिवाय या लहान दुर्बिणीत सगळं बिंब एका वेळी सारखं सुरात येत नाही. एक भाग जुळतो तेव्हा दुसरा फिका असतो. तेव्हा दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तरी दोघेही खरे असू शकतात. कडी कुठे होती, एवढं मात्र विचारावं लागतं.

आता आमची पद्धत बदलली आहे. तक्ता लावत नाही. प्रत्येकाला एक कागद देतो, त्यावर एक वर्तुळ. दुर्बिणीतून बघायचं, कोणाशी न बोलता जे दिसलं ते काढायचं, कागद घडी करून डब्यात टाकायचा. मग सगळे एकदम उघडायचे. एखादी ज्वाळा वीस कागदांवर एकाच जागी येते, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. काही वर्तुळं कोरी असतात. तीही मी फाईलला लावतो. कोरे कागद फार आले तर मी मुलांना काही म्हणत नाही. आधी जाऊन कडी बघतो.